गौताळ्याला जायचंय? मग आधी वाघ डोक्यातून काढा

ऑगस्टात पहिला धबधबा कुणाच्या तरी स्टेटसला पडला की मला फोन सुरू होतात. "काय रे, तू कन्नडचा ना, ते गौताळा नॅशनल पार्क कसंय, काय काय दिसतं, जेवायचं काय, लेकरं बोअर तर होणार नाहीत ना?" मी अर्धा तास सगळं समजावून सांगतो आणि शेवटी समोरून येतंच, "म्हणजे वाघ नाही ना मग?" आमचे दाजी तर दरवर्षी नव्यानं विचारतात, मागच्या वर्षी काय सांगितलं ते त्यांच्या लक्षात नसतं अन् माझ्याही नसतं. म्हणून आता एकदाच बसून लिहितोय, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करणार.

सगळ्यात आधी, हे नॅशनल पार्क नाही. महाराष्ट्रात नॅशनल पार्क सहा, ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचं संजय गांधी, आणि यातलं एकही आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत नाही. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे, १९८६ सालचं, साधारण २६० चौरस किलोमीटर, वरचा भाग संभाजीनगर जिल्ह्यातल्या आपल्या कन्नड तालुक्यात आणि घाटाखालचा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावकडं. औट्रम हा जेम्स औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी, ज्यानं खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती, पण आमच्याकडं त्याला कुणी विचारत नाही, आम्ही कन्नड घाटच म्हणतो. नॅशनल पार्क आणि अभयारण्य दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यातलेच, फरक एवढाच की नॅशनल पार्कात गुरं चारायला सरळ बंदी असते आणि अभयारण्यात आजूबाजूच्या गावांचे काही हक्क परवानगीनं राहू शकतात. हे मी कामून सांगायलो, तर आत एखादा म्हातारा शेळ्या घेऊन दिसला की लगेच मोबाइल काढून "बघा जंगलाची कशी वाट लावली" असा व्हिडिओ करू नका. तो तिथं तुमच्या आधीपासून आहे.

आता वाघाचं सांगतो, म्हणजे तो विषय संपेल.

वाघ नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही हीच तर गंमत आहे. २०२१ च्या मार्चमध्ये गौताळ्यात कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, वाघ आला, खरोखरचा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्यासारखे, ते जुळवून बघितल्यावर कळलं की हा यवतमाळच्या टिपेश्वरचा गडी. त्याच्या आधी २०१९ ला टिपेश्वरचाच दुसरा एक, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, नऊ महिन्यांत जवळजवळ तीन हजार किलोमीटर फिरला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगात जाऊन बसला. २०२४ च्या डिसेंबरात तिथलाच अजून एक पार धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात निघाला. टिपेश्वर अभयारण्य दीडशे चौरस किलोमीटरही नाही, तिथं वाघ वाढले, वयात आलेल्या नराला बापाच्या इलाख्यात जागा मिळत नाही, मग तो निघतो. म्हणजे आपली पोरं कामाला पुण्याला चाललीत आणि त्यांची पोरं जागा शोधत आपल्याकडं यायलीत. आणि येतात कशी, तर रात्री, नाल्यानाल्यानं, कपाशीतून, तुरीतून, कॅनॉलच्या कडेनं, हायवे ओलांडून. कुणाच्या तरी शेतात रात्रीची लाइट आलेली असणार, तो मोटर चालू करायला बॅटरी घेऊन निघालेला असणार आणि बांधापलीकडं दोनशे किलोचं जनावर गप बसून तो जायची वाट बघत असणार. हे डोक्यात ठेवून कधी रात्री तुरीच्या कडेनं चालून बघा.

पण तुम्हाला रविवारी सकाळी दहा वाजता स्विफ्टच्या काचेतून तो दिसणार नाही. बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस आहे, भेकर, रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, सायाळ, सगळे आहेत, तेही बहुतेक दिसणार नाहीत. हे मान्य असेल तर पुढं वाचा, नसेल तर संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात जा, तिथं पिंजऱ्यात आहेत, वेळही वाचेल.

कधी जायचं. जुलै ते सप्टेंबर सगळं हिरवंगार, धबधबे, ढग डोक्यावर, आणि गर्दी. घाटात पावसाळ्यात जपून. २०२१ च्या ऑगस्टच्या शेवटी एका रात्रीत एवढा पाऊस झाला की कन्नड घाटात दरडी कोसळल्या अन् रस्ताच बंद पडला, गाड्या अडकून राहिल्या. म्हणून जोराचा पाऊस चालू असेल तर घाटात उतरूच नका, वरच्या वरच फिरा. माझी स्वतःची आवडती वेळ ऑक्टोबर शेवट ते डिसेंबर. गवत पिवळं पडायला लागलेलं, तलावाला पाणी, पक्षी भरपूर आणि गर्दी दिवाळीनंतर एकदम ओसरते. फेब्रुवारी-मार्चला पानगळ झालेली असते, लोकांना वाटतं जंगल मेलं, पण तेव्हाच पळस फुलतो, आणि झाड उघडं असल्यामुळं पक्षी लपत नाहीत. ज्याला फोटो काढायचेत त्यानं तेव्हाच जावं.

एप्रिल-मे लेकरांना घेऊन अजिबात नाही. पण एकट्या-दुकट्याला एक गोष्ट सांगतो, बुद्ध पौर्णिमेची. त्या रात्री वनखातं पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करतं, त्यात आधी नाव नोंदवून आपल्यालाही बसता येतं. एकदा बसलो होतो. संध्याकाळी पाचला चढलो ते सकाळी सहाला उतरलो, बॅटरी लावायची नाही, बोलायचं नाही, खाली उतरायचं नाही, डास आणि मी. सोबत एक वनमजूर काका होते, ते पहिल्या तासातच म्हणाले, "सायेब, ते मोबाइलचं उजेड बंद करा, आपन सिनेमाला नाही आलोत." पाणवठा म्हणजे सिमेंटची एक बशी, जेमतेम दहा-बारा फुटांची, तिच्यात टँकरनं पाणी टाकलेलं. मोर आले, लावे आले, अंधार पडल्यावर सायाळ आली, काटे खुळखुळत, एखाद्या बाईनं बांगड्या घालून भांडी घासावी तसा आवाज. मग एक रोही आली. ती पन्नास फुटांवर येऊन उभी राहिली आणि चाळीस मिनिटं तशीच उभी, मी घड्याळ बघत होतो. कान इकडं, कान तिकडं. तहान लागलेली असणार, दिवसभर बेचाळीस डिग्री होतं, पण पाय पुढं टाकत नव्हती. शेवटी आली, मान खाली घातली, दोन घोट घेतले असतील नसतील तोच कुठंतरी लांब वानर ओरडलं आणि ती गेली. चाळीस मिनिटं उभी राहून दोन घोट. रात्रभर परत आली नाही.

त्या रात्री मला टँकरचंच जास्त वाईट वाटलं खरं तर. गावात टँकर, जंगलात पण टँकर. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. आणि गोदावरीला मिळणारी आपली पूर्णा ह्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेतून निघते, तिच्यावरच पुढं येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं आहेत, म्हणजे परभणी-हिंगोलीच्या नळाचं एक टोक इकडं वर झाडांच्या मुळांत आहे. १९८८ च्या वन धोरणात लिहिलंय की एक तृतीयांश जमीन झाडाखाली पाहिजे, आणि मराठवाड्यात जंगल म्हणावं असं चार-पाच टक्के, लातूर जिल्ह्यात तर एक टक्कापण नाही. त्यामुळं गौताळ्यात जाताना मी असं समजतो की दुष्काळाच्या साली पावण्याच्या घरी चाललोय. अशा घरी आपण कसं वागतो? तांब्याभर दिलं तर पेलाभर पितो, उरलेलं झाकून ठेवतो, आणि मुक्काम लांबवत नाही. तसंच वागायचं, बाकी नियम पाठ करायची गरज नाही.

जायचं कसं हे सोपंय. संभाजीनगरहून दौलताबाद, वेरूळ करत कन्नड, साठेक किलोमीटर. एसटी कन्नडपर्यंत भरपूर आहेत पण पुढं आत फिरायला स्वतःची गाडी किंवा कन्नडहून ठरवलेली गाडी लागते. पहाटे साडेचारला निघा. हो, साडेचारला. वेरूळला चहा प्यायला थांबलात की तिथंच साडेआठ वाजतात हा माझा अनुभव आहे, कारण कुणीतरी म्हणतं आलोच आहोत तर घृष्णेश्वराचं दर्शन घेऊ. दर्शन येताना घ्या. गेटवर नाव, गाडी नंबर लिहून फी भरा, सुट्टे पैसे ठेवा, पावती ठेवा. आत नेटवर्क येतं-जातं, तर घरी आधीच सांगून ठेवा की दुपारपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर आई तीस मिस कॉल देते अन् घाटावर रेंज आली की सगळे एकदम वाजतात.

न्यायचं काय. माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, पिठलं किंवा ठेचा-शेंगदाण्याची चटणी, काकडी, गूळ, सगळं स्टीलच्या डब्यात. टोपी. बूट, चप्पल नको. मातकट किंवा हिरवे कपडे, लग्नाला चाललो तसा पांढरा शर्ट आणि लाल ओढणी नको. सेंट-परफ्युम नको, का ते पुढं येईल. दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीसवाली बरी पडते, पहिला आकडा किती पट जवळ दिसतं तो आणि दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये, लोक हौसेनं वीस पटवाली आणतात आणि हात हलला की पक्षी सोडून आभाळच दिसतं. मोबाइलमध्ये मर्लिन ॲप घरीच डाऊनलोड करून भारताचा पॅक टाकून घ्या, मग नेट नसलं तरी आवाजावरून पक्षी कोणता याचा अंदाज देतं, कधीकधी चुकतं पण लेकरांना लई आवडतं. आणि लेकरांना प्रत्येकी एक वही-पेन्सिल. मोबाइल नाही, वही.

आणि एक रिकामी गोणी, कचऱ्याला. ह्याची एक स्टोरी आहे ती सांगूनच टाकतो, माझीच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कंपनीतले आम्ही चौदाजण गेलो होतो, डिस्पोजेबल प्लेटा, कागदी ग्लास, मोठ्या बाटल्या, सगळं. ग्लासांची अदलाबदल नको म्हणून एकानं मार्कर आणला होता, प्रत्येकानं आपापल्या ग्लासावर नाव लिहिलं. जेवण झालं, कचरा एका पिशवीत भरला, पिशवी झाडाला टांगली, जाताना नेऊ म्हणून, आणि कुणीच नेली नाही. दोन महिन्यांनी मी घरच्यांना घेऊन त्याच ओढ्यावर गेलो. पिशवी वानरांनी फाडलेली, ओढ्याच्या वळणाला दगडात सगळं अडकलेलं, आणि त्यात एका ग्लासावर माझं नाव. मार्कर अजून स्वच्छ वाचता येत होता. बायकोनं वाचलं. कागदी ग्लास म्हणून आपल्याला वाटतं विरघळून जाईल, पण त्याला आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो कुठं जातो. त्या दिवसापासून गोणी गाडीतच असते, आणि कचरा झाडाला टांगायचा नाही, थेट डिकीत.

आता मेन गोष्ट, बघायचं कसं. लोक आत गेले की गाडी पळवतात, तलाव बघतात, फोटो काढतात आणि म्हणतात काही नाही इथं. तुम्ही एक करा, परवानगी असलेल्या ठिकाणी गाडी लावा, इंजिन बंद, आणि वीस मिनिटं काहीच करू नका. पहिली पाच मिनिटं कानात गाडीच वाजत राहते. मग हळूहळू आवाज सुटे होतात. तांबट ठोकत असतो, टुक टुक टुक. सातभाई भांडत असतात, ते कायमच भांडतात. जून-जुलै असेल तर पावशा "पेरते व्हा" ओरडतोय, हा आवाज तर शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला शिकवायला नको. हिरव्यातून एकदम पांढरी रिबन उडाल्यासारखी दिसली तर तो स्वर्गीय नर्तकाचा नर, त्याची शेपटी त्याच्यापेक्षा लांब असते. आणि वानरं खेळत असताना मधेच एखादं झाडाच्या शेंड्यावर जाऊन घशातून खोकल्यासारखं खाकरायला लागलं, त्याची नजर एकाच दिशेला, आणि तिकडूनच भेकर कुत्र्यासारखं भुंकलं, तर समजायचं की बिबट्या तिथंच आहे. तुम्हाला दिसत नसेल, तुम्ही त्याला दिसताय. अशा वेळी गाडीतच राहा आणि बारकी लेकरं आत घ्या.

खाली बघायला पण शिका. रस्त्याच्या कडेच्या मऊ धुळीत सकाळी सकाळी रात्रीचा सगळा पेपर छापलेला असतो. ठशात नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांच्यापैकी कुणीतरी. नखं नसतील, ठसा गोल आणि मागची गादी मोठी असेल तर मांजराच्या जातीचं, कारण ते चालताना नखं आत ओढून घेतात. तरसाचे पुढचे पाय मागच्यापेक्षा मोठे असतात तेही ठशात कळतं. वारूळ खणून खड्डा केलेला दिसला तर अस्वल येऊन गेलं, ते वाळवी ओढून खातं, आणि हिवाळ्यात त्याच्या विष्ठेत बोरांच्या बियाच बिया सापडतात. भाचा पहिल्यांदा ते बघून ओरडला, "मामा, ही शी आहे का चिवडा?" तर हो, शीच. आणि तिच्यातूनच पुढं बोरी उगवतात, कुणी वृक्षारोपणाचा बॅनर न लावता.

सागाचं एक दाखवतो मी सगळ्या लेकरांना. सागाचं कोवळं पान, पोपटी-लालसर, ते तळहातावर चोळलं की हात कुंकवासारखा लाल होतो. आत काहीच तोडायचं नसतं हे मला माहिती आहे, म्हणून हे मी घरी निघताना गेटबाहेर बांधावर जो साग आहे त्याच्यावर करतो, एका ट्रिपला एक पान. लेकरं हात धुवत नाहीत मग, शाळेत नेऊन दाखवतात. आणि पळस भेटला की म्हणायचं मोजा पानं, तीनच. म्हण सगळ्यांना येते, मोजलेलं कुणीच नसतं.

पितळखोरा चुकवू नका. शहरापासून ऐंशीएक किलोमीटर, अभयारण्यातच, कड्याच्या पोटात कोरलेली बौद्ध लेणी, इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधीची. पायऱ्या उतरून दरीत जायचं, खाली ओढा, पलीकडं पुन्हा लेणी, दगडी हत्तींची रांग. तिथं सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, कण्हदास, धंद्यानं सोनार. ती मूर्ती आता दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सोनारानं दगडावर नाव टाकलं ते राहिलं, आणि मी ग्लासावर टाकलेलं पण राहिलं, ह्यावरून बायको अजून टोमणे मारते. बरं, काळजी दोन गोष्टींची. पायऱ्या उतरताना मजा येते, चढताना दुपारच्या उन्हात जीव जातो, तर अकराच्या आत वर या आणि पाणी खाली सगळं संपवू नका. दुसरं, कड्याला आग्यामोहळं लटकलेली असतात. परफ्युम, बिडी-सिगारेटचा धूर, ओरडणं, दगड मारणं, यातलं काहीही झालं तर माशी उठते आणि दरीत पळायला जागा नसते. उठलीच तर तोंड-डोकं कापडानं झाका, हातानं झटकू नका, आणि मोहळापासून लांब निघत राहा. वर आलात की कड्यावरून खाली खानदेश दिसतो. त्याच पायथ्याला पाटणादेवी, तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं मठ काढल्याची नोंद आहे. वेळ असेल तर उतरा, नसेल तर तो वेगळा दिवस ठेवा, एका दिवसात सगळं कोंबू नका.

काय करायचं नाही ते थोडक्यात. ब्लूटूथ स्पीकर घरी. वेग वीस-तीस, सकाळी रस्त्यावर साप आणि सरडे ऊन खायला आलेले असतात. फेब्रुवारी ते मे बिडीचं थोटूक सुद्धा नाही, वाळलेल्या सागाच्या पाल्यावर वणवा कसा पळतो ते ज्यानं बघितलंय त्याला सांगावं लागत नाही, वनमजूर उन्हाळ्याच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, काढत फिरतात, मेहनत घेतात बिचारे आणि एक थोटूक सगळं धुळीला मिळवतं. सापडलेला काटा, पीस, शिंग खिशात घालायचं नाही, तो गुन्हा आहे, "सापडलंच होतं" हे कारण चालत नाही.

आणि वानरांना खायला घालू नका. हे सांगितलं की लोक चिडतात, पुण्य असतं म्हणतात. येडशीच्या रामलिंगला जाऊन बघा, मंदिर सुंदर, घळीत, पावसाळ्यात शेजारी धबधबा, आणि वानरं हातातली पिशवी हिसकावतात, कारण आपणच त्यांना बिस्किटाची सवय लावली. आणि तिथली कथा काय, तर जटायूनं रावणाला इथं अडवलं. आता मला सांगा, शेवटचं गिधाड कधी बघितलं तुम्ही? माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायला लागले, ते मेलेलं जनावर खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायला लागले, २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद केलं पण तोवर बहुतेक सगळी गेलेली. रावणानं एक पाडला होता, आपण एका इंजेक्शननं जवळजवळ सगळे. कुणी मुद्दाम केलं नाही, बैलाचा पाय दुखत होता म्हणून दिलं. मला जास्त त्रास ह्याचाच होतो.

गावातल्या लोकांबद्दल पण एक. आमची एक मावशी जंगलाच्या कडेच्या गावात राहते, मी एकदा शहाणपणानं म्हणालो, मावशे, आता गॅस आहे ना, सरपण कशाला आणतीस. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "सिलेंडर भरायला पैसे दे मग, आणि रानडुकरानं मका लोळवली त्याचे पण दे." मी गप. शहरातून आलेल्या माणसाला जंगल वाचवा म्हणायला काही पडत नाही, तिची मका जाते. म्हणून मी आता एवढं करतो, जेवण-चहा, सीताफळं, मध, जे काय घ्यायचं ते त्या कडेच्या गावांतूनच घेतो, घासाघीस न करता, आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते, त्याचा अर्ज लगेच करावा लागतो, पंचनामा करून घ्यावा लागतो, हे मावशीला समजावून अर्ज भरून दिला. पैसे यायला वेळ लागला, पण आले.

गौताळा जमलं की बाकीचे सोपे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पैठणला जायकवाडीच्या फुगवट्यावर, पहाटे, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. बीडकडचे असाल तर पाटोद्याजवळ नायगावचं मोरांचं अभयारण्य, लहानसंच आहे, अर्धा दिवस पुरतो. लातूर-धाराशिववाल्यांना रामलिंग. दुपारी चारच्या आत जंगलातून बाहेर पडायचं हा माझा सगळीकडचा नियम, सूर्य मावळल्यावरची वेळ त्यांची.

मागच्या डिसेंबरात दाजी आणि भाचा शेवटी आले. दाजी परतीच्या रस्त्यावर कन्नडला भजी खाताना म्हणालेच, "वाघ काय दिसला नाही बुवा." भाचा काही बोलला नाही, त्यानं वही पुढं केली. वानर ४१. मोर ३, एक अर्धा म्हणजे नुसती शेपटी. पळसाची पानं ३, खरंच. अस्वलाची शी १. बिबट्या ०, पण त्यानं आम्हाला बघितलं असेल. साप १, मामा म्हणतो दोरी होती. आणि सगळ्यात खाली, मामा शूः म्हणाला २६ वेळा, त्यातले १९ पप्पांना.